शाळेचे वार्षिक कसे काढावे?



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत विषय निघतो, "यंदा आपणही वार्षिक काढू या." विचार उत्तमच आहे. पण सुरुवात कुठून करायची? कोणी म्हणतो मुखपृष्ठापासून, कोणी म्हणतो देणग्यांपासून. मी म्हणेन, हजेरीपटापासून. गोष्टी आणि कविता मुलांना दुसरीकडेही वाचायला मिळतील. पण आपल्या शाळेत यंदा कोण कोण शिकत होते, हे सांगणारे पुस्तक आपल्याशिवाय कोण छापणार? म्हणून पहिली अट ही, की पटावरचे प्रत्येक मूल वार्षिकात एकदा तरी आलेच पाहिजे.

आता थोडी शब्दांची ओळख करून घेऊ. बाहेरचे पहिले पान ते मुखपृष्ठ. त्यावर शाळेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि शैक्षणिक वर्ष ठळक हवे. वर्ष घातले नाही, तर वीस वर्षांनी तो अंक कधीचा हे कोणालाच सांगता येणार नाही. बाहेरचे शेवटचे पान ते मलपृष्ठ. आत काय कुठे आहे ते सांगते अनुक्रमणिका. मजकुराभोवती कोरी सोडलेली जागा म्हणजे समास. पिना मारतात त्या बाजूचा समास जरा जास्त ठेवावा, नाहीतर अक्षरे घडीत जातात. आणि छापण्यापूर्वी तपासायला येते ती प्रत म्हणजे प्रूफ.

पानांचा हिशेब मात्र नीट समजून घ्या. मोठा कागद मधोमध दुमडला की त्याची चार पाने होतात. म्हणून मध्ये पिना मारलेल्या अंकाची पाने नेहमी चारच्या पटीत असतात. २८ किंवा ३२ होतील, ३० होणार नाहीत. ३२ पानांना असे ८ कागद लागतात. सर्वांत बाहेरच्या कागदावर पहिल्या पानाशेजारी बत्तिसावे येते आणि दुसऱ्याशेजारी एकतिसावे. कुठलीही जोडी घ्या, बेरीज ३३ च! ८ कोरे कागद दुमडून मुलांकडूनच त्यांवर आकडे घालून घ्या. अंकाची डमी तयार होते आणि गणिताचा तासही होतो. कोणत्या पानावर काय येणार, ते याच डमीवर पेन्सिलीने मांडावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, फोटो. पुष्कळ ठिकाणी वर्गाचा फोटो जानेवारीत, संमेलनाच्या गडबडीत काढतात. पण बीडसारख्या जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मुलेही बरोबर जातात. जानेवारीच्या फोटोत ती कुठून असणार? शाळेच्या आठवणीतून ती आपोआप गळतात, आणि यात त्यांचा काडीचाही दोष नाही. तेव्हा वर्गाचे फोटो जुलै-ऑगस्टमध्येच काढून ठेवा. तरीही कोणी गैरहजर राहिले, तर खाली "अनुपस्थित" म्हणून त्याचे नाव छापा. फोटोतली नावे त्याच दिवशी लिहून घ्यावीत. पुढच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे. मोबाइलवर काढलेला फोटो छापखान्याला मूळ स्वरूपातच द्या. संदेशातून पाठवताना तो बारीक होतो आणि छपाईत चेहरे पुसट येतात.

शेवटी प्रूफ. ते दोघांनी मिळून तपासावे. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहावे. एका वेलांटीने काय होते बघा. ५ सप्टेंबरचा 'शिक्षक दिन' जर 'शिक्षक दीन' असा छापला, तर आपली सगळ्यांची परिस्थितीच जाहीर व्हायची! मुलांची नावे जनरल रजिस्टरवरून ताडावीत आणि मग प्रत्येक मुलाला त्याचे नाव दाखवून विचारावे, "बरोबर आहे का रे बाळा?" अनेक घरांत आपल्या लेकराचे नाव छापलेले असे ते पहिलेच पुस्तक असते. तिथे चूक झाली, तर ती जन्मभर घरात राहते.

पैसे कमी असतील तर रंग फक्त मुखपृष्ठाला द्या, आतली पाने काळी-पांढरी चालतील. तेही जमत नसेल तर एकच हस्तलिखित करा आणि ते शाळेच्या कपाटात जपून ठेवा. अंक साधा असला तरी चालेल. त्यात सगळी मुले असावीत, एवढे मात्र पाहा.