भरती त्यांची, रुजू तुम्ही



मघाशी शाळेच्या या संमेलनात पुढच्या रांगेतल्या पोरांना विचारलं, दहावी-बारावीनंतर काय? एका दमात उत्तर आलं, "भरती!" हिंगोलीत हे व्हायचंच. ही जुनी छावणी. हैदराबाद कंटिंजंटची फौज इथं राहायची, १९०३ साली ती हिंदी लष्करात मिसळली. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ इथंच आहे.

पण पोरांनो, भरती तुमची नसते, त्यांची असते. जागा रिकाम्या असतात, त्या भरल्या जातात. 'तो पोलिसात भरती झाला' या वाक्यात कर्ता 'तो' दिसतो. भरणारं सरकार असतं. उंची, छाती, वय, सगळ्या अटी त्यांच्याच.

'सामील होणं' वेगळं. त्यात अट आपणही घालू शकतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. आपली वडीलधारी माणसं अजून सांगतात, आम्ही विनाअट सामील झालो. घालता आली असती आणि घातली नाही, म्हणून तर तो 'विनाअट' इतक्या वर्षांनीही जिभेवर आहे.

मला आवडतं ते 'रुजू होणं'. शब्द अरबी, मूळ अर्थ परत वळणं. 'रुजणं'शी त्याचं नातं नाही. मराठी दप्तरात त्याचे दोन अर्थ झाले: समोर हजर असणं आणि ताडून पाहिल्यावर जुळणं. हिशेबाची रुजुवात करतात ती यातलीच. निवड झाली की नेमणुकीचा आदेश येतो. त्यावर साहेबाची सही असते. नंतर 'आज मध्यान्हपूर्व रुजू झालो' असा रुजू अहवाल द्यावा लागतो. त्यावर सही तुमची.

हल्ली आपण अकॅडमी जॉइन करतो, पक्ष जॉइन करतो, ड्युटीही जॉइन करतो. कुणी भरलं, कुणी अट घातली, कोण हजर झालं, काहीच कळत नाही.

जागा थोड्या, धावणारे फार. ज्यांचं नाव यादीत येणार नाही, त्यांनी स्वतःला भरतीतून उरलेले समजू नये. शेत, दुकान, कारखाना, कॉलेज, जिथं जाल तिथं नीट रुजू व्हा. सुरुवात इथूनच करा: संमेलनाची सुट्टी संपली की पहिल्या घंटेला वर्गात हजर राहा.