मित्रास, साहाय्यास

श्रोतेहो, गवयाची जागा जशी कान देऊन ऐकावी तशी शब्दाची विभक्तीही ऐकावी, असा माझा जुना हट्ट आहे; आणि त्याच हट्टापायी लॅटिन भाषेतील ‘आउक्सिलिउम्’, म्हणजे साहाय्य, हा एकच शब्द मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. तो नपुंसकलिंगी आहे, एवढे सांगून रूपांचा तक्ता मी व्याकरणकारांच्या हवाली करतो, कारण तक्ता ऐकून भाषेवर जीव जडलेला मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

वाढविणे या अर्थाच्या क्रियापदाशी या शब्दाचे नाते आहे, आणि आपला ‘ओजस्’ त्याच प्राचीन कुळातला. साहाय्य करणे म्हणजे दुसऱ्याच्या बळात भर घालणे, असा भाव त्याच्या मुळातच आहे. ‘आउक्सिलिआ’ हे अनेकवचन उच्चारले, की आपण थेट छावणीत जातो: परक्या मुलखातून आलेली पथके, आपल्या बखरींच्या भाषेत कुमक. भाषांतरकार दोन्हीकडे ‘मदत’ हाच शिक्का उठवतात, तेव्हा मला मनस्वी खेद होतो.

पण माझी खरी प्रीती चतुर्थीवर. आपण ‘मित्राच्या मदतीला’ धावतो, तेव्हा चतुर्थी मदतीच्या वाट्याला येते आणि मित्र षष्ठीत राहतो. लॅटिनमध्ये ‘आमीको आउक्सिलिओ’, मित्रास, साहाय्यास, असे दोघेही चतुर्थीत बसतात, आणि कोणासाठी व कशासाठी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ‘ओ’वर येऊन विसावतात. इ. स. पूर्व ५७ मध्ये वेढा पडलेल्या बिब्राक्स नगराकडे सीझरने मध्यरात्री क्रीटचे तिरंदाज व बालेआर बेटांचे गोफणदार रवाना केले, ते सांगणाऱ्या त्याच्याच वाक्यात साहाय्यासाठी शब्द ‘सुब्सिदिउम्’ आहे, पण चतुर्थीची जोडी हीच.

फार वर्षांपूर्वी गोव्यातील एका खेड्यात, मे महिन्याच्या संध्याकाळी, क्रुसापुढे लदीन ही लॅटिन प्रार्थना चालली असता व्हायोलिनच्या साथीने मरियेची बिरुदे गायिली जात होती, आणि त्यांत एकाएकी ‘आउक्सिलिउम्’ आला. माउलीला नपुंसकलिंगी नाम! परंतु आपणही ‘शरणम्’ म्हणतोच की. शिवाय प्रथमा आणि संबोधन यांचे रूप एकच. तेव्हा गाणारा वृद्ध शेतकरी बिरुद सांगत होता की हाक मारीत होता, हे व्याकरणाने ठरणारे नव्हते. त्याच्या कापऱ्या आवाजाने ते ठरविले. आणि तेवढ्यासाठीच, श्रोतेहो, शब्दाचे शेवटचे अक्षर विरेपर्यंत थांबत जा, एवढीच विनंती.