कथा यंत्राची, वाणी माणसाची



बेंगळुरू हे अनेक भाषांचे नगर आहे. घरात मराठी, शेजारी तमिळ अथवा उर्दू, बालवाडीत कन्नड आणि इंग्रजी, अशा परिसरात येथील कित्येक मुले बोलू लागतात. अनेक भाषा कानी पडल्याने मुलाची वाणी खुंटते, या समजुतीला आधार नाही. मात्र एखादे मूल खरोखरच उशिरा बोलू लागले, तर त्याच्या घरच्या भाषेतील सोपी गोष्ट हाताशी असणे अगत्याचे ठरते. आणि अडचण नेमकी तेथेच येते.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न याच नगरात झाला. 2004 साली स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स' या संस्थेने 2015 साली 'स्टोरीवीव्हर' हा कथासंग्रह संगणकाच्या द्वारे सर्वांना खुला केला. त्यातील गोष्ट कोणीही आपल्या भाषेत आणावी, अशी ही योजना. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आणखी एक पाऊल पुढे जातात. वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला 'ळ' या ध्वनीचा सराव हवा असेल, तर कावळा, बाळ, फळ, पोळी हे शब्द पुनःपुन्हा येणारी गोष्ट ती क्षणार्धात रचून देतात. मुलाच्या ओळखीची गल्ली, त्याचे मांजर तीत गुंफता येते. छापील पुस्तकाला हे साधत नाही.

तथापि गोष्ट ऐकणे म्हणजे बोलणे शिकणे नव्हे. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. इंग्रजीभाषक घरांतील 9 महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकवण्यात आली. ज्यांच्यासमोर बसून माणसे पुस्तके व खेळणी घेऊन बोलली, त्या बालकांना त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू येऊ लागले. ज्यांनी तेच बोलणे चित्रफितीत पाहिले अथवा ध्वनिफितीवर ऐकले, त्यांना ते साधले नाही.

प्रश्न विचारणारे यंत्र चित्रफितीहून निराळे आहे, हे खरे. गोष्ट समजण्यास ते मुलांना साहाय्य करू शकते. परंतु उच्चाराचे काय? मूल 'कावळा' या शब्दाऐवजी 'तावला' म्हणते. प्रामुख्याने मोठ्यांच्या आवाजावर घडवलेले यंत्र एक तर तो शब्द ओळखत नाही, किंवा संदर्भावरून 'कावळा' असेच धरून पुढे जाते. जी चूक तज्ज्ञाच्या कानी पडावयास हवी, तीच अशा रीतीने पुसली जाते. आई मात्र ती ऐकते. "हो, कावळा! कुठे बसलाय कावळा?" असे म्हणून ती शुद्ध रूप पुन्हा मुलाच्या कानावर घालते, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबते. हे थांबणे हाच उपचाराचा गाभा आहे.

म्हणून उशिरा बोलणाऱ्या मुलाची प्रथम श्रवणतपासणी व्हावी. गोष्ट हा तिला पर्याय नव्हे. यंत्राने रचलेली गोष्ट आजीने वा शिक्षिकेने आधी वाचून पाहावी, तिच्यातील अवघड शब्द काढून घरचे शब्द घालावेत. मग यंत्र बाजूला ठेवून ती मुलाला मांडीवर घेऊन स्वमुखाने सांगावी, आणि त्याहून अधिक वेळ मुलाचे ऐकण्यात घालवावा.