हैतीने भरलेला दंड

आफ्रिकेची माणसे, अमेरिकेची जमीन आणि युरोपचे भांडवल यांची गाठ कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत पडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील साखरेचा सुमारे ४० टक्के हिस्सा तेथून येई. मळ्यांवर गुलाम इतक्या झपाट्याने मरत की, त्यांना जगविण्यापेक्षा नवे विकत आणणे मळेवाल्यांना परवडे. १७९१ मध्ये हे गुलाम उठले. नेपोलियनच्या फौजेचा पराभव करून १८०४ मध्ये त्यांनी हैतीचे स्वातंत्र्य घोषित केले.

पुढची हकीकत फारशी सांगितली जात नाही. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका धाडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. भरपाई कोणी कोणास द्यावयाची? फटके खाणाऱ्याने फटके मारणाऱ्यास! मळेवाल्यांनी गमावलेल्या ‘मालमत्ते’त खुद्द ती माणसेही मोजलेली होती. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. वसुली करणारे आणि कर्ज देणारे एकाच गल्लीतले! १८३८ मध्ये रक्कम कमी झाली, तरी त्यापायी झालेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घामातून हा पैसा गेला. शाळा आणि रस्ते राहून गेले.

२००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी तो परत मागितला. २०२५ मध्ये फ्रान्सने इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. परतफेडीचे आश्वासन मात्र दिले नाही.