अहवाल आधी घरच्यांच्या हाती

मित्रहो, किनाऱ्यावरचे प्रशिक्षक, तांडेल, डायव्हिंग केंद्रांचे मालक आणि डॉक्टर मंडळी,

ज्या विषयावर आपण आपापसांत दबक्या आवाजात बोलतो आणि व्यासपीठावर टाळतो, तो आज मी घेतो आहे. डायव्हिंग करताना माणूस गेला, तर त्याच्या मृत्यूबद्दल किती सांगायचं आणि कुणाला?

आपल्याकडे आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं आणि बहुधा कागदावर 'बुडून मृत्यू' एवढंच उरतं. पण बुडणं हा शेवट झाला. सुरुवात कुठे झाली? अमेरिकेतल्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'च्या संशोधकांनी २००८ साली ९४७ मृत्यूंचा अभ्यास छापला. ज्या घटनांत मूळ निमित्त सापडलं, त्यांपैकी ४१ टक्क्यांत श्वासाची हवा कमी पडली होती. त्या निबंधात एकाही मृताचं नाव नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही. फ्लॉरिडाचे गुहा-डायव्हर शेक एक्सले यांनी पाण्याखालच्या गुहांमधले मृत्यू असेच एकेक करून तपासले आणि १९७९ मध्ये छोटी पुस्तिका काढली. त्यातले नियम असे: गुहेच्या तोंडापासून सलग दोर हवा. एक तृतीयांश हवा आत जाताना, एक तृतीयांश परतताना, उरलेली राखीव. आजही गुहेत उतरणारा शिकाऊ हेच शिकतो. हे नियम मेलेल्या माणसांनी दिलेले आहेत.

तेव्हा सांगायलाच हवं. पण मालवण-तारकर्लीसारख्या ठिकाणी नाव गाळून भागत नाही. तारीख आणि होडी कळली, की संध्याकाळपर्यंत घर ओळखलं जातं. मग गेलेल्याला दम्याचा त्रास होता का, दारू प्यायला होता का, याची चर्चा त्याच्या आईच्या कानावर जाते. कुणाच्या तरी कॅमेऱ्यातली शेवटची मिनिटं मोबाईलवर फिरतात. याला मी धडा म्हणत नाही, ही क्रूरता आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेत डायव्हर डेव्ह शॉ यांचा ८ जानेवारी २००५ रोजी मृत्यू झाला. दहा वर्षांपूर्वी तिथे मरण पावलेल्या एका तरुणाचा देह वर आणायला ते सुमारे २७० मीटर खोल उतरले होते. त्यांच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं. डॉक्टरांनी त्या चित्रफितीतले श्वास तपासून २००७ मध्ये निबंध लिहिला: एवढ्या खोलीवर वायू दाट होतो, श्रम वाढले की श्वास पुरत नाही आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. हे समजायला ती चित्रफीत पाहावी लागत नाही. शॉ पेशाने वैमानिक होते, आणि विमानक्षेत्राने हा तिढा आधीच सोडवला आहे. अमेरिकेत अपघातग्रस्त विमानाच्या कॉकपिटमधले आवाज तपासयंत्रणेला जाहीर करता येत नाहीत. तपासाशी संबंधित संवाद मात्र लिखित रूपात प्रसिद्ध होतात.

आता एक कडू गोष्ट. 'घरच्यांना त्रास नको' म्हणून आपण गप्प बसतो, तेव्हा बऱ्याचदा आपण आपल्या धंद्याला जपत असतो. घरच्यांना कुणी विचारलेलंच नसतं. त्यांना तर नेमकं काय झालं हेच हवं असतं, आणि ते सांगायला आपल्यापैकी कुणी त्यांच्या दारात जात नाही.

माझं म्हणणं असं: अशा प्रत्येक मृत्यूचा अहवाल व्हावा आणि त्याचे पहिले वाचक घरचे असावेत. मराठीत लिहावा, त्यांच्या सवडीने, त्यांच्यासमोर बसून वाचावा. नाव, आजार, फोटो, खाजगी तपशील यांवर काट मारण्याचा हक्क त्यांचा. टाकीत किती हवा उरली होती, व्हॉल्व्ह किती उघडा होता, डाइव्ह कॉम्प्युटरने काय नोंदवलं, एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक होते, यांवर मात्र कुणालाच काट मारता येऊ नये. घरच्यांना नाही आणि केंद्रमालकाला तर नाहीच. घरच्यांनी आधी वाचावं, याला अपवाद एकच. कॉम्प्रेसरमधून दूषित हवा भरली गेल्याचा नुसता संशय आला, तरी कुणाची वाट न पाहता, नाव न घेता, त्याच दिवशी सगळ्या केंद्रांना कळवायचं. त्याच कॉम्प्रेसरवर भरलेल्या दुसऱ्या टाक्या तोवर कुणाच्या तरी पाठीवर चढलेल्या असू शकतात.

अशा अहवालाच्या नमुन्याचा मसुदा उद्याच्या सत्रात मांडला जाईल. त्यावर पहिल्या सह्या केंद्रमालकांच्या असाव्यात, ही माझी विनंती आहे.