मातोश्रींचे फडताळ
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मातोश्रींचे स्वयंपाकघरातील सागवानी फडताळ मोडीत काढण्याचे घरात ठरत होते. ते पुन्हा रंगवावे म्हणून मी कोरड्या पॉलिशपेपरने जुना रंग घासू लागलो. शेजारीच दोन वर्षांचा नातू खेळत होता. सूनबाईंनी माझा हात थांबविला. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते व त्याची धूळ बालकांच्या मेंदूस बाधते, हे मजसारख्या शिक्षकास ठाऊक नव्हते! घरगुती रंगांतील शिशास दशलक्षात ९० भागांची मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आमचा रंग कितीतरी आधीचा.

मग नातवास आजोळी धाडले, वॉटरपेपर भिजवून घासले, ओल्या फडक्याने सारे टिपून घेतले. आज त्या फडताळात पुन्हा लोणच्याच्या बरण्या आहेत.

वडिलोपार्जित वस्तू अवश्य जपावी. मात्र तिच्यावरील विष नातवंडांच्या वाट्यास जाऊ देऊ नये, एवढीच विनंती.