जकात नाक्यावरचा चित्रकार

मुंबईच्या वेशीवरची जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली. मुलुंडच्या, दहिसरच्या नाक्यावर लागलेल्या ट्रकांच्या रांगा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या आहेत. त्या रांगेशी दिवसरात्र उभा असणारा कर्मचारी मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आज अशाच एका जकात कर्मचाऱ्याबद्दल मला बोलायचं आहे. शहर पॅरिस, आणि माणसाचं नाव आँरी रूसो.

रूसोचा जन्म १८४४ चा, लावाल नावाच्या गावातला. वडील पत्र्याच्या वस्तूंचा धंदा करायचे. कर्जापायी त्यांचं घर गेलं. मुलानं काही वर्षं सैन्यात काढली, मग तो पॅरिसला आला आणि १८७१ च्या सुमारास शहराच्या जकात खात्यात लागला. दारू, मांस, जळण, गुरांचा चारा, बांधकामाचं सामान, जे जे वेशीतून आत येईल त्यावर शहराचा कर असे. गाड्या तपासायच्या, चोरटा माल अडवायचा, पहारा द्यायचा. तास लांबलचक, पगार बेताचा. या नोकरीत रूसोनं बावीसेक वर्षं घालवली, आणि कधी कुठल्या मोठ्या पदावर तो चढला नाही.

चित्रकला तो कुठल्याही शाळेत शिकला नाही. १८८४ साली, चाळिशीत, त्यानं लूव्ह्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करण्याचा परवाना मिळवला. १८८६ पासून तो सालों देझ अँदेपांदाँ या प्रदर्शनात चित्रं मांडू लागला. तिथे निवड समिती नव्हती, वर्गणी भरली की भिंतीवर जागा मिळायची. लोक रूसोच्या चित्रांपाशी हसायला थांबत. वर्तमानपत्रांत टर उडवली जाई, आणि ती कात्रणं तो जपून वहीत चिकटवून ठेवी. पुढच्या वर्षी पुन्हा चित्रं घेऊन हजर.

आपल्याकडे घराघरात एक वाक्य ऐकू येतं: नोकरीत अडकला नसता तर केवढा मोठा कलावंत झाला असता. रूसोच्या बाबतीत मला हा हिशेब इतका सरळ वाटत नाही. ज्याचं पोट चित्रांवर चालतं, त्याला चार वर्षं सलग हसं झाल्यावर गिऱ्हाइकाला रुचेल तसं रंगवणं भाग पडतं. रूसोचं घर नाक्यावरच्या पगारावर चाललं होतं. त्यामुळे पानन् पान सुटं रंगवण्याची त्याची रीत त्याला कुणासाठी बदलावी लागली नाही. हे स्वातंत्र्य त्याला कुणा रसिकानं बहाल केलेलं नव्हतं. महिन्याच्या पगारातून त्यानं ते मिळवलं होतं. मला त्याची फार किंमत वाटते.

१८९० च्या सुमाराची त्याची दोन चित्रं या दृष्टीनं पाहण्यासारखी आहेत. एक लहानसं आहे, जकात नाक्याचं. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. फाटक, गडद गणवेशातली इवलीशी माणसं, भोवती हिरवळ आणि झाडं. त्यात गर्दी नाही, हुज्जत नाही. रोजच्या कामाच्या जागेकडे इतक्या शांतपणे पाहणारं चित्र मला दुसरं सहज आठवत नाही. दुसरं आत्मचित्र, ते प्रागला आहे. यात रूसो गणवेशात नाही. काळा सूट, डोक्यावर टोपी, हातात कुंचला आणि रंगांची पाटी. मागे सीन नदी, पताका लावलेलं जहाज आणि नुकताच उभा राहिलेला आयफेल टॉवर. त्या सगळ्यापुढे हा माणूस केवढा तरी मोठा! नोकरीची तीन वर्षं अजून बाकी होती, पण आपण कोण आहोत हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

१८९१ मध्ये त्यानं वाघ रंगवला. वादळी पाऊस, तिरक्या पातळ रुपेरी रेघा, वाऱ्यानं वाकलेली पाती आणि त्यांत दबा धरलेला वाघ. रूसो फ्रान्सबाहेर कधी गेला नव्हता. सैन्यात असताना तो मेक्सिकोला जाऊन आला ही नुसती दंतकथा. त्याचं जंगल पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत आणि छापील चित्रांच्या पुस्तकांत होतं. फेलिक्स व्हालोताँ या तरुण चित्रकारानं त्या वाघाबद्दल मनापासून चांगलं लिहिलं.

आता नोकरीची दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. रूसोची जंगलाची चित्रं वीसहून अधिक आहेत. त्यातलं नोकरीच्या काळातलं मोठं चित्र वाघाचं हे एकच. बाकीची १९०४ पासून पुढची. नाक्यानं त्याला कुणापुढे न वाकण्याची सोय दिली, पण वेळ दिला नाही. तो पेन्शननं दिला. १८९३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. पेन्शन वर्षाला हजारेक फ्रँक. त्यात भागेना म्हणून तो व्हायोलिन आणि चित्रकला शिकवू लागला.

१८९८ मध्ये त्यानं लावालच्या महापौरांना पत्र लिहिलं: झोपलेली जिप्सी स्त्री आणि तिला हुंगणारा सिंह, हे चित्र गावानं विकत घ्यावं, दोन हजार ते अठराशे फ्रँकांना. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची पेन्शन. गावानं घेतलं नाही.

तरुण पिढीनं मात्र त्याला ओळखलं. नाटककार आल्फ्रेद झारीनं दिलेलं ‘जकातवाला’ हे नाव कायमचं चिकटलं. मला ते टोचतं, कारण त्यात हौशी माणसाचं कौतुक जास्त आणि चित्रकाराचा मान कमी आहे. पिकासोनं जुन्या सामानाच्या दुकानातून त्याचं एक मोठं व्यक्तिचित्र पाच फ्रँकांना घेतलं आणि १९०८ मध्ये आपल्या स्टुडिओत रूसोसाठी मेजवानी ठेवली. चित्रकार रोबेर दलोनेच्या आईनं सापांना बासरी ऐकवणाऱ्या गारुडी स्त्रीचं चित्र मुद्दाम काढवून घेतलं.

‘स्वप्न’ हे १९१० चं चित्र दोन मीटर उंच आणि जवळजवळ तीन मीटर रुंद आहे. ते मार्चमध्ये प्रदर्शनात लागलं आणि २ सप्टेंबरला पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात गँगरीननं रूसो वारला. पुढे मित्रांनी त्याच्या कबरीची नीट व्यवस्था केली. दगडावरच्या ओळी कवी अपोलिनेरच्या, त्या कोरल्या शिल्पकार ब्रांकुशी आणि चित्रकार ओर्तिझ दे साराते यांनी. लावालनं १९४७ मध्ये त्याचे अवशेष सन्मानानं आपल्या बागेत आणले. जिप्सी स्त्रीचं चित्र त्याआधी आठ वर्षं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात दाखल झालं होतं, आणि आजही ते तिथेच आहे.